आफ्टरमार्केट ॲल्युमिनियम रेडिएटर गळतोय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

जुन्या जीपा, जिप्सी, पद्मिनी, ८०० सांभाळणाऱ्या मंडळींकडून मार्च लागला की हेच प्रश्न सुरू होतात, कॉपरचा रेडिएटर काढून ॲल्युमिनियमचा आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, टाकला आणि वर्षाच्या आत गळायला लागला, आता काय करू. म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण खाली ती सारखी येणार आहे, ॲल्युमिनियमचा रेडिएटर गळला तर कारण बऱ्याचदा रेडिएटरच्या बाहेर असतं, अर्थिंगमध्ये, पाण्यात, नाहीतर बसवण्यात, आणि ते न शोधता नुसता नवा आणून टाकला तर तोही तसाच जातो आणि पैसे दोनदा जातात.

प्र. जुन्या रेडिएटरला आमच्या इथला रेडिएटरवाला अर्ध्या तासात सोल्डर मारून द्यायचा, याला का नाही म्हणतो?

कारण कॉपर-ब्रासचा रेडिएटर मुळातच शिसं-कथलाच्या सोल्डरने जोडलेला असतो, त्यामुळे फुटला की त्याच सोल्डरने परत जोडता येतो. ॲल्युमिनियमचं तसं नाही, त्याच्यावर हवेत आल्या आल्या ऑक्साईडचा पातळ थर बसतो, ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं पण हा थर २००० अंशांच्याही वर, त्यामुळे साधं सोल्डर त्यावर चिकटतच नाही, गोळी होऊन खाली पडतं. कारखान्यात कोअर (म्हणजे मधली ट्यूब आणि पत्त्यांची जाळी) नायट्रोजनच्या भट्टीत, ऑक्साईड काढणारा खास फ्लक्स लावून, साधारण ६०० अंशाला ब्रेझ करतात, म्हणजे आधी वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडतात, आणि ते दुकानात होणारं काम नाही. मग नाही म्हणणारा रेडिएटरवाला प्रामाणिक आहे असंच समजा.

यातही दोन प्रकार असतात. एकात कोअर ॲल्युमिनियमची पण वरखाली किंवा आजूबाजूच्या टाक्या काळ्या प्लॅस्टिकच्या, मध्ये रबरी गॅस्केट आणि कडेने पत्र्याचे दात दुमडलेले. दुसऱ्यात टाक्यासुद्धा ॲल्युमिनियमच्या आणि आर्गन वेल्डिंगने जोडलेल्या. तुमचा कुठला ते आधी बघा कारण पुढची निम्मी उत्तरं त्यावर बदलतात.

प्र. पाणी कमी होतंय पण खाली एक थेंब दिसत नाही. गळतंय कुठून हे शोधायचं कसं?

बारीक गळती गरम रेडिएटरवर जागच्या जागी सुकून जाते म्हणून खाली थेंब येत नाही, मागे राहतो तो पांढरा किंवा कुलंटच्या रंगाचा सुकलेला डाग. सकाळी गाडी थंड असताना टॉर्च घेऊन बघा, टाकीच्या जोडावर, होजच्या तोंडाशी, ड्रेन प्लगच्या भोवती, आणि जाळीत कुठे पत्ती रंग बदललेली दिसते का. काही गळत्या फक्त थंड असताना होतात कारण गरम झाल्यावर धातू आणि रबर फुगून फट बंद होते, आणि काही फक्त गरम झाल्यावर, प्रेशर आल्यावर होतात, त्यामुळे एकदा बघून काही नाही दिसलं म्हणजे गळती नाही असं धरू नका.

पक्कं शोधायचं तर प्रेशर टेस्टर लागतो, झाकणाच्या जागी बसणारा हातपंप आणि त्यावर काटा. बऱ्याच गॅरेजकडे असतो, नसेल तर ज्याच्याकडे आहे तिथे जा पण ही टेस्ट चुकवू नका. इंजिन थंड पाहिजे, कुलंट काठोकाठ भरा, झाकणावर जेवढं प्रेशर लिहिलंय तेवढंच द्या, त्याच्यावर नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघत राहा. काटा पडला की कुठेतरी ओलं होणारच. रेडिएटर काढलेला असेल तर तोंडं बंद करून पाण्याच्या टाकीत बुडवा आणि थोडी हवा द्या, बुडबुडे जागा दाखवतात. पण पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरशिवाय थेट अजिबात सोडू नका, टायरला लागणारं प्रेशर रेडिएटरच्या दुप्पट असतं आणि टाकी फुगून चांगला जोडसुद्धा उघडतो.

प्र. टेस्टमध्ये काटा पडतो पण रेडिएटर सगळा कोरडा आहे?

मग तो रेडिएटर नाही. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या बारीक भोकातून पाणी येतंय का बघा, सील गेलं की तिथूनच येतं. पायाखालचं कार्पेट ओलं आणि आत गोडसर वास येत असेल तर हीटरची कोअर. आणि काहीच सापडत नसेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं सील. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे, ऑइल दुधाळ, सायलेन्सरमधून पांढरा गोड वासाचा धूर, यातलं काही दिसलं तर आधी हेडचं बघा. हेड गेलेलं असताना इंजिनचं प्रेशर पाण्यात शिरतं आणि सगळ्यात कमजोर जागा फोडतं, आणि ती बऱ्याचदा रेडिएटरची असते. म्हणजे गळतो रेडिएटर आणि आजार इंजिनचा. अशा गाडीला रेडिएटर बदलत बसणं म्हणजे नुसते पैसे घालवणं.

प्र. नवाकोरा रेडिएटर, बसवला त्याच दिवशी जोडावर ओल आली. माझं काही चुकलं का?

बहुतेक नाही. स्वस्तातल्या वेल्डेड टाकीच्या रेडिएटरमध्ये वेल्डला सुईच्या टोकाएवढी भोकं राहून जातात, नाहीतर ट्रान्सपोर्टमध्ये खोका आपटून ट्यूब आणि हेडर प्लेटचा (ट्यूबची टोकं जिच्यात बसतात ती पट्टी) जोड हललेला असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की नवा रेडिएटर गाडीवर चढवायच्या आधी बुडवून टेस्ट करायचाच, दुकानात करून मिळत असेल तर दुकानदारासमोर, आणि बिल आणि फोटो ठेवायचे. एकदा गाडीवर चढला आणि कुलंट आत गेलं की वॉरंटीच्या बोलण्यात तुमची बाजू लंगडी पडते. घेताना वेल्डची रेघ एकसारखी आहे का, ट्यूबच्या तोंडाशी राखाडी इपॉक्सी फासलंय का, होजच्या नळीला टोकाशी उंचवटा आहे का एवढं बघा. नळी सपाट गुळगुळीत असेल तर होज प्रेशरला सरकतो, मग क्लिप कितीही आवळा.

प्र. सहा महिन्यांत जाळीत ठिपक्याठिपक्यांनी भोकं पडली, दुकानदार म्हणतो इलेक्ट्रॉलिसिस झालंय, वॉरंटी नाही. हे खरं असतं का टाळाटाळ?

खरं असू शकतं, आणि हे तुम्ही स्वतः दहा मिनिटांत तपासू शकता म्हणून सविस्तर सांगतो. गाडीतल्या प्रत्येक वस्तूचा करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जायला रस्ता शोधतो. इंजिनची अर्थ पट्टी गंजली, सैल झाली, किंवा रंगकाम करताना काढली आणि परत लावलीच नाही, की करंट मिळेल त्या वाटेने जातो, आणि कुलंट ही एक वाट आहे. तो करंट ॲल्युमिनियममधून बाहेर पडताना धातू सोबत घेऊन जातो आणि आतून बारीक खड्डे पडत पडत भोक होतं. जुन्या गाड्यांमध्ये हे जास्त कारण वायरिंगवर वर्षानुवर्षं जोडण्या झालेल्या असतात, एलईडी लाईट, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टीम, जास्तीचा फॅन, विंच, आणि ज्याने जे लावलं त्याने अर्थ हाताला येईल तिथे मारलेली असते.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन थंड, झाकण उघडं, मीटर डीसी २ व्होल्टवर. काळी तार बॅटरीच्या मायनसला, लाल तारेचं टोक कुलंटमध्ये बुडवा, पण टाकीच्या धातूला कुठेही लावू नका. आता आधी सगळं बंद असताना आकडा बघा, मग चावी ऑन, मग एकेक करून लाईट, हॉर्न, ब्लोअर, एसी, फॅन, आणि दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगून तेव्हाचाही बघा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर झकास. ०.३ च्या वर गेला तर तुमचा रेडिएटर रोज थोडा थोडा खाल्ला जातोय. जी वस्तू चालू केल्यावर आकडा उडी मारतो त्या वस्तूची अर्थ खराब. स्टार्टर मारताना उडाला तर इंजिन ते बॅटरीची मुख्य पट्टी. आणि बॅटरीची तार काढून ठेवली, मीटरची काळी तार इंजिनच्या धातूला लावली, तरी आकडा तसाच राहिला तर तो बाहेरचा करंट नाही, कुलंट जुनं होऊन त्यातली गंजरोधक रसायनं संपलीत आणि आतले वेगवेगळे धातूच बॅटरीसारखे वागतायत, तेव्हा फ्लश करून नवीन भरा.

उपाय महाग नाहीये. इंजिन ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत जाड केबल, इंजिनपासून बॉडीला वेगळी पट्टी, आणि टोकं घासून चकचकीत केलेल्या धातूवर, रंगावर नाही. इलेक्ट्रिक फॅनची अर्थ रेडिएटरला किंवा त्याच्या ब्रॅकेटला कधीच मारायची नाही, थेट बॅटरीकडे न्या. रेडिएटर रबरी बुशवर बसवा म्हणजे तो बॉडीपासून वेगळा राहतो.

प्र. पाणी कुठलं घालायचं? आमच्याकडे बोअरशिवाय काही नाही.

बोअरचं पाणी ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये नको म्हणजे नको. सोलापूर, लातूर, बीडकडे बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो ना, तोच थर ट्यूबच्या आत बसतो आणि वर क्लोराईड धातूला खड्डे पाडतं. कॉपर हे बरंच सहन करायचं म्हणून जुनी माणसं म्हणतात आम्ही तीस वर्षं नळाचंच घातलं, आणि ते खोटं बोलत नाहीत, पण तो धातू वेगळा होता. बॅटरीत घालायचं डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी पेट्रोल पंपावर, बॅटरीच्या दुकानात मिळतं, त्यात निम्मं निम्मं कुलंट मिसळा, नाहीतर सरळ तयार मिसळलेलं घ्या, आणि डब्यावर वाचा की ते तयार आहे का कॉन्सन्ट्रेट, कारण तयार मालात परत पाणी घालणारे खूप जण भेटतात.

नुसतं डीएम पाणी, कुलंट न घालता, हेही बरोबर नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कुलंट कशाला असं विचारतात, तर आपल्याला त्यातली गोठू न देणारी बाजू नाही, गंज थांबवणारी बाजू पाहिजे असते. शिवाय उकळायचा बिंदूही वर जातो.

प्र. हिरवं घालू का लाल का गुलाबी?

रंगावरून काही ठरत नाही, रंग कंपनी तिला हवा तो टाकते. डब्यावर काय लिहिलंय ते बघा, ॲल्युमिनियमला चालतं असं स्पष्ट असलं पाहिजे, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो प्रकार दिलाय तो. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका, काही जोड्या मिसळल्या की जेलीसारखा गाळ होतो आणि बारीक ट्यूब बंद पडतात. बदलायचं असेल तर पूर्ण रिकामं करून धुऊन मग.

प्र. मेकॅनिक म्हणाला आतून कॉस्टिक सोड्याने धुऊन देतो, एकदम नवा होईल.

हात जोडून सांगतो, थांबवा त्याला. कॉस्टिक कॉपर-ब्रासला चालायचं म्हणून ती सवय गॅरेजमध्ये राहिलीय. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं, फेस येतो तो हायड्रोजन असतो, आणि ट्यूबची जाडी आधीच मिलिमीटरच्या काही दशांश एवढीच, त्यातलं किती खाल्लं गेलं ते बाहेरून दिसतसुद्धा नाही. संडास साफ करायचं ॲसिड तर त्याहून नको. धुण्याचा सोडाही नको. ॲल्युमिनियमसाठीचा कूलिंग सिस्टीम क्लीनर मिळतो तो वापरा आणि नंतर डीएम पाण्याने दोन-तीनदा काढा.

प्र. टाकीच्या कोपऱ्यात, बोल्ट बसतो त्या कानाजवळ सारखी तडा जाते. वेल्ड केलं तरी बाजूला परत.

ही रेडिएटरची नाही, बसवण्याची तक्रार आहे. आफ्टरमार्केट रेडिएटरची भोकं फ्रेमच्या भोकांशी तंतोतंत जुळत नाहीत, मग बोल्ट ताणून बसवतात आणि तो कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो. जुन्या जीपची चॅसी खड्ड्यात, दगडात चांगलीच वळते आणि तो पीळ कडक आवळलेल्या रेडिएटरच्या कोपऱ्यावर येतो. भोकं लांबट करा, रबरी बुश आणि स्लीव्ह घाला, बोल्ट बुश चपटा होईपर्यंत आवळू नका. रेडिएटर किंचित हलला पाहिजे, ते चूक नाही, तसंच पाहिजे.

फॅन जाळीतून प्लॅस्टिकच्या बंधांनी आरपार बांधायची जी पद्धत आहे ती ताबडतोब सोडा. फॅनच्या कंपनाने बंध ट्यूबवर घासतो आणि भोक नेमकं जाळीच्या मधोमध पडतं, जिथे दुरुस्ती जवळजवळ होतच नाही. फॅनला श्राउड (भोवतीचं आवरण) किंवा कडेला धरणारी पट्टी करून घ्या. इंजिन फाउंडेशनचे रबरही बघा, ते बसले की खड्ड्यात इंजिन पुढे झुकतं आणि इंजिनवरचा फॅन जाळी कापतो.

प्र. होजच्या तोंडाशी थेंब येतो, क्लिप आवळून आवळून दमलो.

सोडा आवळणं. होज काढा, नळीवर वेल्डचा खरबरीतपणा किंवा पांढरी पूड असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, होजचं टोक कडक झालं असेल तर कापा नाहीतर नवा घ्या, क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. जास्त आवळल्याने पातळ ॲल्युमिनियमची नळी लंबगोल होते आणि मग कधीच नीट बसत नाही. ड्रेन प्लगला नवीन वॉशर. सेन्सरचे आटे ॲल्युमिनियममध्ये पटकन जातात, हाताने सुरुवात करा, पाना नंतर.

प्र. हळद टाकू का?

रस्त्यात अडकलात आणि दुसरं काही नाही तर टाका, ट्रकवाले पिढ्यानपिढ्या टाकत आलेत आणि बारीक गळती त्याने खरंच थांबते, हळद फुगून भोकात बसते. पण ती बसते सगळीकडेच. घरी पोचल्यावर सगळं काढून धुवा, नाहीतर आठवड्यात गाडी दुसऱ्याच कारणाने गरम व्हायला लागेल. दुकानातल्या लीक बंद करणाऱ्या बाटलीचंही तेच, झिरपण्यापुरती ठीक, पण हीटरची कोअर आणि बारीक ट्यूब तुंबतात. आणि एकदा आत गेली की नंतर आर्गन वेल्डिंगवाला वैतागतो कारण तो माल वेल्डमध्ये उकळून भोकं पाडतो. म्हणून वेल्ड करायचा विचार असेल तर बाटली ओतूच नका.

प्र. एम-सील, अराल्डाइट?

टाकीच्या सपाट भागावर, तात्पुरतं, चालतं. पूर्ण रिकामं आणि कोरडं करून, पॉलिश पेपरने खरडून, थिनरने पुसून लावा आणि पाकिटावर दिलेला वेळ सुकू द्या, अर्ध्या तासात पाणी भरू नका. ओल्यावर लावलेलं पहिल्या घाटात सुटतं. प्लॅस्टिकच्या टाकीची तडा मात्र याने टिकत नाही, तिथे टाकीच बदलायची. दात उघडून, नवीन गॅस्केट घालून परत दुमडता येतात, पण तेच दात दोनदा दुमडले की तुटतात.

प्र. आर्गन वेल्डिंग सगळ्यावर चालतं का?

टाकी, जोडाची रेघ, नळी, कान, यावर चांगलं चालतं. ट्यूबवर नाही, तो पत्रा इतका पातळ की वेल्डची उष्णता लागली की वाहून जातो आणि शेजारचं ब्रेझिंगही वितळतं, एक भोक बुजवताना चार पडतात. मधली एखादी ट्यूब गेली असेल तर दोन्ही टोकं चिमटून इपॉक्सीने बंद करायची, एखाद-दुसरी ट्यूब कमी झाल्याने गाडीला विशेष फरक पडत नाही. तीन-चारच्या वर गेल्या तर कोअर संपली.

वेल्डवाल्याकडे नेताना आतून पाण्याने खळखळून, एक दिवस उन्हात वाळवून न्या, कुलंटचा अंश राहिला तर वेल्ड सच्छिद्र होतो. झाकण, सेन्सर, रबर सगळं काढा. तडा असेल तर दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून घ्यायला सांगा म्हणजे ती पुढे पळत नाही. आणि हे महत्त्वाचं, साफ करायला क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर मारू नका, वेल्डिंगच्या आर्कखाली त्याचा फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो, माणूस दगावू शकतो. ॲसिटोन वापरा आणि ते पूर्ण उडाल्यावरच आर्क मारा.

प्र. कसारा घाटात, भर मेमध्ये, गळायला लागलं. घरी कसं यायचं?

बाजूला घ्या, इंजिन बंद, बॉनेट उघडा, झाकणाला हात लावू नका. आत पाणी शंभर अंशांच्या वर असतं, झाकण उघडलं की क्षणात उकळून तोंडावर येतं, दरवर्षी लोक भाजतात यात. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज हाताने धरता येईल इतका थंड झाल्यावर जाड फडकं धरून थोडं थोडं उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाते. थंड झाल्यावर मिळेल ते पाणी भरा, आता बोअरचंही चालेल, घरी जाऊन काढायचं आहे. गळती बारीक असेल तर झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवर ठेवलं की प्रेशर धरत नाही आणि गळती मंदावते, पण मग पाणी शंभरलाच उकळणार म्हणून सावकाश, वरचा गिअर, एसी बंद, हीटर फुल, आणि टेम्परेचरच्या काट्यावर डोळा. थांबत थांबत या. काटा लाल झाला तर टो करा, इंजिनपुढे टोचे पैसे काहीच नाहीत.

प्र. जास्त प्रेशरचं झाकण लावलं तर गाडी कमी गरम होईल ना?

गरम तेवढीच होईल, उकळणार उशिरा. साधं पाणी १५ पीएसआयच्या (पीएसआय हे प्रेशरचं माप) झाकणाखाली साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पण जुन्या जीपची सगळी सिस्टीम, होज, वॉटर बॉडी, हीटर, कमी प्रेशरसाठी बनलेली असते, आफ्टरमार्केट रेडिएटरबरोबर आलेलं १६ चं झाकण लावलं की जुना होज नाहीतर टाकीचा जोड जातो. मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच लावा. झाकणाचं रबर फुटलं असेल तर नवीन घ्या, स्वस्त वस्तू आहे आणि निम्म्या गूढ गळत्या तिथेच निघतात.

प्र. काढलेलं कुलंट कुठे टाकू?

अंगणात, गटारात नको. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही किडनी जाऊन मरतात, लहान मुलांनाही तितकंच धोकादायक. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारा. सांडलं तर लगेच माती टाकून उचला आणि भरपूर पाण्याने धुवा.

प्र. काढलेला कॉपरचा रेडिएटर भंगारवाला चांगल्या भावाने मागतोय, देऊ?

देऊ नका. पितळेच्या टाक्या चांगल्या असतील तर चांगला रेडिएटरवाला त्यात नवीन कॉपरची कोअर घालून देतो, आणि जुन्या जीपला, जिथे गाडी पिळते आणि पाणी मिळेल ते घालायची वेळ येते, तिथे मला आजही तोच जास्त भरवशाचा वाटतो. रिकामा करून, तोंडं कापडाने बंद करून माळ्यावर ठेवा.